‘पेंढारी’ शब्दाचा अर्थ व मूळ

जुन्या पत्रांची यादी करतांना ‘पेंढारी’ हा शब्द आला कीं आपण त्यापुढें ‘लुटारू’ असें टिपून मोकळे होतों. मींही वर्गांत वर्षानुवर्षें हाच अर्थ सांगितला. तो अगदींच खोटा नव्हे, पण उत्तरकालीन आहे. पेंढारी हे मराठी फौजांबरोबर जाणारे, पगाराऐवजीं लुटीवर निर्वाह करणारे आणि त्याबद्दल सरदारास पालपट्टी देणारे लोक. शिंदेशाही व होळकरशाही हे त्यांतील भेद धन्यांवरूनच पडले. पुढें चितू, करीमखान इत्यादिकांच्या टोळ्या नर्मदेकाठीं प्रबळ झाल्या, इ. स. १८१७-१८ त इंग्रजांनीं त्यांचा मोड केला, आणि ‘भटका दरोडेखोर’ एवढाच अर्थ मागें उरला. तोच अर्थ पूर्वीच्या पत्रांवर लादला म्हणजे फौजेचें एक अंग चोरांच्या सदरांत जातें. म्हणून यादींत शब्द आहे तसाच ठेवून शेजारीं मिती व धन्याचें नांव टिपावें.

आतां व्युत्पत्ति. माल्कमनें आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथांत (१८२३) ‘पिंड’ नांवाच्या मादक पेयावरून हें नांव पडल्याचें म्हटलें आहे. खुद्द करीमखानानेंही दुसरें कारण आपण ऐकलें नाहीं असें त्यास सांगितलें. परंतु नांव धारण करणारास त्याची व्युत्पत्ति ठाऊक असते असें मानलें, तर कोशकारांना कामच उरणार नाहीं! आयर्विननें पंढार नामक प्रदेशाकडे बोट दाखविलें आहे. ‘पेंढा हरण करणारा तो पेंढारी’ ही फोड वैरण आणण्याच्या कामाशीं जुळते खरी; पण देशी शब्दास ‘हारी’ जोडलेला हा समास छावणींतला नसून पाठशाळेंतला वाटतो.

माझा कल संस्कृत ‘पिण्डार’ शब्दाकडे आहे. कोशांत त्याचे भिक्षु, गुराखी, म्हशी राखणारा असे अर्थ असून तो निंदावाचकही सांगितला आहे. गुरें घेऊन हिंडणाऱ्या लोकांचें नांव पुढें फौजेमागून हिंडणाऱ्यांस लागणें अस्वाभाविक नाहीं. ‘पि’चा ‘पे’ होण्यास हेमचंद्राचा आधार आहे: पिण्ड–पेंड, सिन्दूर–शेंदूर. हिंदी ‘पिंडारी’त मूळचा ड कायम आहे. अडचण काय ती मराठी ढकाराची. तो मुळांतला नसून पेंढा-पेंढी या नित्याच्या शब्दांच्या सहवासानें मागाहून शिरला असावा. म्हणजे वरील पेंढ्याच्या व्युत्पत्तीनें शब्द घडविला नाहीं, पण त्याचें रूप मात्र पालटलें, असें मला वाटतें.