फवारा मारायचा, पण कुठे?

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आपल्याकडे घरोघरी सुतारकाम निघतं. लाकडातला पावसाळी ओलावा गेलेला असतो, ऊनही मऊ असतं. घरात कुणाला हौस असली तर टीपॉय, मुलांचं अभ्यासाचं टेबल, बाळाचा पाळणा घरच्या घरी तयार होतो. मग येतो पॉलिशचा प्रश्न. "फवाऱ्यानं मारू, दुकानातल्यासारखं गुळगुळीत होईल. पुढच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतो, म्हणजे धूळ बसणार नाही," असं कुणीतरी म्हणतंच. नेमकं इथेच तुम्ही पदर खोचून "थांबा" म्हणायला हवं.

वाशीम जिल्ह्यात फवारणी म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. 2017 साली शेजारच्या यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेही उघड्या रानात! पॉलिश काही कीटकनाशक नव्हे, हे खरं. पण फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासावाटे छातीत उतरतात, ते दोन्हीकडे सारखेच. मग बंद खोलीत काय होईल?

दुसरी भीती आगीची. लॅकर पातळ करायला थिनर लागतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत सरपटत दुसऱ्या खोलीत पोचते. तिथे देवापुढची समई असते, गॅसची शेगडी असते, फ्रिज आपोआप सुरू होताना आत ठिणगी पडते. एवढं निमित्त भडक्याला पुरतं. उन्हाळ्याचं सोडा, हिवाळ्यातही थिनरची वाफ पेट घेते.

तर मग जागा कोणती? मागचं अंगण किंवा उघडी पडवी सगळ्यांत बरी. वरून सावली हवी आणि वारा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं निघून जायला हवा. मात्र जवळ सोयाबीनचं कुटार, पऱ्हाट्यांचा ढीग, चूल किंवा बंब नको. त्याच कारणानं कडब्याचा गोठाही नको. धुळीची काळजी वाटते ना? मग आधी अंगणात नेहमीसारखा सडा टाका, माती बसेल. दोन बाजूंना जुनी लुगडी ओली करून बांधा. विहीर, पाण्याची टाकी झाका. पोरंबाळं, म्हातारी माणसं आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी लांबच ठेवा.

गच्ची मोकळी असली तरी थोडा विचार करा. चैत्र-वैशाखात तिथे कुरडया-पापडांची वाळवणं असतात. आपली नसली तर शेजारणीची असतात. शिवाय तापलेल्या स्लॅबवर पॉलिश नीट पसरायच्या आतच सुकतं आणि खरखरीत होतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकरवर पांढुरकी झाक येते. म्हणून दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत, दव ओसरल्यावर सकाळी दहाच्या सुमारास काम काढावं. दिवेलागणीच्या आत सगळं आटोपायला हवं.

तोंडाला रुमाल, ओढणी किंवा करोनातला मास्क बांधून थिनरची वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क मिळतो, तोच घ्यावा. डोकं जड झालं, मळमळलं, तर काम टाकून मोकळ्या हवेत जावं. आणि शेतातला फवारणीपंप पॉलिशसाठी मुळीच वापरू नका. धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो.

हार्डनर मिसळून मारायच्या दोन डब्यांच्या पीयू पॉलिशचा फवारा तर घरी नकोच. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं द्रव्य असतं. त्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे जराशा वाफेनंही छाती भरते. असं काम शहरातल्या ज्या कारागिराकडे त्याची वेगळी जागा आणि साधनं आहेत, त्याच्याकडे द्यावं.

अंगणच नसेल तर? वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मैत्रिणींनी फवाऱ्याचा हट्ट सोडावा. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं घासली की जुन्या घरांतल्या कपाटांसारखी झळाळी येते. स्पिरिटही पेटतंच, तेव्हा खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद हे इथेही आलंच. पण हवेत थेंब उडत नाहीत. सुकलेली शुद्ध लाख औषधाच्या गोळ्यांवरही चढवतात, म्हणून पाळण्याला ती चांगली. पाण्यात मिसळायचं पॉलिशही आता मिळतं, त्याला थिनर लागत नाही.

काही जणी जवसाचं तेल लावतात. छान दिसतं, पण तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ती घडीत कोंडते आणि बोळा काडी न लावता आपोआप पेटतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 1991 साली 38 मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवसतेलाच्या चिंध्यांनी सुरू झाली आणि तिनं अग्निशामक दलाच्या तीन जवानांचा बळी घेतला. म्हणून बोळे बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

पॉलिश झालेली वस्तू वास पूर्ण जाईपर्यंत बाहेरच राहू द्या. कपाटाची दारं आठ-दहा दिवस उघडी ठेवा, मगच धान्य-कपडे भरा. पाहुणे आठवड्यावर आले म्हणून घाई नको. टीपॉय बिनपॉलिशचा दिसला तर कुणी नावं ठेवणार नाही. चकाकी चार दिवस उशिरा आली तर बिघडलं कुठे? घरातल्यांचा श्वास त्याहून मोलाचा.