चितळासाठी हळू गोळी

विस्कॉन्सिनसारख्या अमेरिकी राज्यात नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की बाप मुलाला घेऊन दुकानात जातो आणि पहिल्या शिकारीसाठी काडतूस कोणतं घ्यावं यावर चर्चा रंगते. आपल्याकडे ही चर्चा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केली. शेताच्या नुकसानीपायी रोही आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत वनखातं अटी घालून परवानगी देतं, चितळाला ती सोय लागू नाही. वर्धा जिल्ह्यात चितळावर कायद्याने बंदूक रोखू शकतो तो बचाव पथकातला पशुवैद्यक किंवा त्याच्यासोबतचा शूटर. त्याच्या नळीत गोळी नसते, औषधाने भरलेला डार्ट असतो. त्यालाही वरून परवानगी लागते, कारण कायद्याच्या लेखी वन्यप्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला एखादा डॉक्टर बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावात पहिल्यांदा चितळासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न त्या विस्कॉन्सिनच्या मुलाचेच असतात. केवढा मारा, किती वेगाने, किती अंतरावरून, अंगावर नेमका कुठे? उत्तरं मात्र जवळजवळ सगळी उलटी येतात.

शिकाऱ्याच्या गोळीचं गणित आधी पाहू. हरणासाठी सर्रास वापरली जाणारी एक रायफलची गोळी साधारण १० ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला ८८० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. उत्तर येतं ३,८०० ज्यूलच्या पुढे. ही गोळी मुद्दाम मऊ टोकाची बनवतात. अंगात शिरताच ती फुलते, तिचा व्यास जवळपास दुप्पट होतो आणि सगळी ऊर्जा आतल्या आत रिकामी होते. प्राणी जागेवर पडावा हाच हेतू.

आता डार्ट घ्या. भरलेला मध्यम आकाराचा डार्टही साधारण १० ग्रॅमचाच. पण तो सेकंदाला ६० मीटर वेगाने सोडला, तर ऊर्जा भरते फक्त १८ ज्यूल, म्हणजे गोळीच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. आणि एवढीसुद्धा चितळाला जास्त होऊ शकते. प्रौढ नर सत्तर-ऐंशी किलोचा असला तरी मादी पन्नासच्या आसपास, पाय काटकुळे, मांसल जागा म्हणावी अशी मांडीची आणि खांद्याची. जोर थोडा जास्त झाला की सुई मांडीतून हाडापर्यंत जाते, नाही तर हाडच मोडतं. पोटात लागला तर आतडं फाटतं. वाघाच्या किंवा रानगव्याच्या हिशेबाने दाब ठेवून चितळावर नेम धरणं म्हणजे त्याला मारणंच.

हळू गोळीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ३० मीटर अंतर कापायला डार्टला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सव्वा मीटरच्या आसपास खाली ओढतं. रायफलची गोळी त्याच अंतरात जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर उतरते. म्हणजे डार्ट सरळ जातच नाही, तो कमान घेऊन पडतो. अंतराचा अंदाज चार-पाच मीटरने चुकला, तर मांडीवर धरलेला नेम पोटावर नाही तर जमिनीवर जातो. शिवाय बंदुकीचा आवाज डार्टच्या पुढे पोचतो. चितळाचे कान टवकारतात आणि अर्ध्या सेकंदात ते जागा सोडतं. म्हणून जाणते लोक वीस मीटरच्या आत, प्राणी स्थिर उभा असतानाच डार्ट मारतात, आणि अंतर डोळ्याने ठरवत नाहीत, यंत्राने मोजतात.

डार्ट हातात घेऊन पाहिला तर त्यातली हुशारी कळते. प्लॅस्टिकच्या नळीचे दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध, मागच्यात पंपाने भरलेली दाबाची हवा, मध्ये सरकणारा दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं. औषधाचं भोक सुईच्या बाजूला, आणि त्यावर सिलिकॉनची एक छोटी बाही घट्ट बसवलेली. सुई कातडीत शिरली की कातडी ती बाही मागे सारते, भोक उघडं पडतं आणि मागची हवा दट्ट्या ढकलून औषध स्नायूत सोडते. शेपटाला भडक रंगाचा गोंडा असतो. तो उडताना डार्ट सरळ ठेवतो आणि नंतर तुरीत, गवतात पडलेला डार्ट शोधायलाही कामी येतो. सरावासाठी रिकामा डार्ट वापरून उपयोग नाही. वजन बदललं की कमानही बदलते, तेव्हा तेवढंच पाणी भरून पुठ्ठ्यावर १०, २०, ३० मीटरवरून मारत राहायचं. बऱ्याच बंदुका कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात आणि वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे सकाळी जुळवलेला दाब दुपारी पुन्हा तपासावाच लागतो.

ही कल्पना ज्याला सुचली तो कॉलिन मर्डॉक हा न्यूझीलंडमधल्या तिमारू गावचा औषधविक्रेता आणि पशुवैद्यक. रानटी शेळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या पकडून, तपासून पुन्हा सोडून द्यायच्या होत्या, त्यातून १९५०च्या दशकात त्याने अशी बंदूक घडवली. एकदा वापरून फेकायची प्लॅस्टिकची सिरिंजही त्याचीच. बंदूक झाली, पण औषधं यायला पुढचं दशक उजाडलं. झायलाझिन आणि केटामिन ही दोन्ही १९६२ मधली. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात या दोघांचं जे तीव्र मिश्रण तयार झालं, ते त्याच नावाने आजही भारतात वापरतात. एका मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम झायलाझिन आणि १०० मिलिग्रॅम केटामिन. तीव्र असल्याने औषध थोडंसं पुरतं, डार्ट लहान राहतो आणि लहान डार्टला जोरही कमी लागतो. औषधाची निवड आणि माऱ्याची निवड इथे एकच होऊन जाते.

झायलाझिन मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटू देत नाही, म्हणून प्राणी शांत होतो. पण चितळ आधीच घाबरलेलं असेल, भोवती दोनशे माणसं ओरडत असतील आणि कुत्री लागलेली असतील, तर रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन उसळलेलं असतं. मग नेहमीची मात्रा पुरत नाही. डार्ट लागूनही चितळ पाच-दहा मिनिटं पळत राहतं, लोक ‘अजून एक मारा’ म्हणतात, आणि नवख्या डॉक्टरची खरी परीक्षा तिथे असते. दुसरा डार्ट घाईने मारला तर दोन्ही मात्रा एकदम चढतात आणि श्वास थांबतो.

मला सर्वांत जास्त छळते ती पुढची गोष्ट, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. जिवाच्या आकांताने धावलेल्या हरणाच्या स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साठतं, अंगाचं तापमान चढतं. स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यातलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाची लय बिघडवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतं, लघवी गडद तपकिरी होते. याला कॅप्चर मायोपथी म्हणतात आणि हरिणवर्ग त्याला फार लवकर बळी पडतो. विहिरीत पडलेलं चितळ बाहेर निघालं, उड्या मारत जंगलाकडे गेलं, गावाने टाळ्या वाजवल्या, आणि दोन दिवसांनी ते कुठल्यातरी धुऱ्याकाठी मरून पडलं. ते कुणी मोजत नाही.

वर्ध्यात डार्ट म्हटला की वाघाची बातमी आठवते. ब्रह्मपुरीहून बेशुद्ध करून आणलेली वाघीण जुलै २०१७ मध्ये बोरमध्ये सोडली होती. ऑक्टोबरात ती याच जिल्ह्यात शेताच्या तारांत सोडलेल्या विजेने मेली. तिच्यावर रकानेच्या रकाने छापून आले. चितळाच्या वाट्याला दोन ओळीही येत नाहीत, आणि हिंगणीपासून कारंजा घाडगेपर्यंतच्या वावरांमध्ये कठडा नसलेल्या विहिरी आहेत तशाच आहेत.

म्हणून चितळाच्या बाबतीत डार्ट हा पहिला उपाय नाही, हे मी ठासून लिहितो. विहिरीत पाणी असेल तर डार्टचा विचारही करू नये. बेशुद्ध प्राणी नाक पाण्याबाहेर ठेवू शकत नाही. तिथे जाळं, किंवा पुढच्या पायांमागून छातीला दिलेला रुंद पट्टा, किंवा उथळ विहिरीला जेसीबीने काढलेला उतार कामाचा. कळपच हलवायचा असेल तर आफ्रिकेतून आलेली बोमा पद्धत आहे. नरसाळ्यासारखी रुंद तोंडाची, कापडाने झाकलेली वाट करून हरणांना हळूहळू वाहनात नेतात, औषधाचा थेंब वापरत नाहीत. मध्य प्रदेशाने पेंच आणि कान्हामध्ये चितळांसाठी ती वापरली आहे. डार्ट मारावाच लागला तर भल्या पहाटे. प्राणी पडल्यावर त्याला कुशीवर न ठेवता छातीवर बसवायचं, डोकं वर, तोंडाची बाजू किंचित खाली. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ नये आणि पोट फुगू नये, यासाठी. डोळ्यांवर कापड, कानात कापूस, दर पाच मिनिटांनी तापमान. ते ४१ अंशांकडे सरकू लागलं की अंगावर पाणी ओतायचं, काम अर्धवट सोडायचं आणि योहिम्बिनसारखा उतारा टोचून प्राणी उठवायचा.

यातलं निम्मं काम डॉक्टरच्या हातात नसतं, गावाच्या हातात असतं. तुमच्या वावरातल्या विहिरीत चितळ दिसलं तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. कुत्री बांधा, लोकांना शंभर पावलं मागे हटवा, वरून दोर टाकू नका, मोबाइल घेऊन काठावर वाकू नका. पथक येईपर्यंत जेवढी शांतता ठेवाल, तेवढी त्या प्राण्याच्या जगण्याची शक्यता वाढेल. आणि पेरणीआधी विहिरीला कमरेएवढा कठडा बांधून घ्या.