हॅट्स ऑफ
अमेरिकन मूकपटांच्या काळातील एक हरवलेला लघुविनोदपट (१९२७). स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) व ऑलिव्हर हार्डी (१८९२–१९५७) या प्रसिद्ध जोडीच्या आरंभीच्या चित्रपटांत त्याची गणना होते. ही जोडी महाराष्ट्रात ‘जाड्या-रड्या’ या नावाने परिचित आहे. हॅल रोच यांच्या निर्मितिसंस्थेने हा दोन रिळांचा मूकपट तयार केला. दिग्दर्शन हॅल येट्स यांचे व देखरेख लिओ मॅकेरी यांची होती. मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेमार्फत तो नोव्हेंबर १९२७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची एकही प्रत आजवर उपलब्ध झालेली नाही.

कथानक अगदी साधे आहे. कपडे धुण्याच्या यंत्राचे दोन विक्रेते ते अवजड यंत्र घेऊन घरोघर हिंडत असतात. उंच जिन्याच्या माथ्यावरून एक स्त्री त्यांना खुणेने बोलावते. गिऱ्हाईक मिळाले, या आशेने ते महत्प्रयासाने यंत्र वर चढवितात. परंतु तिला केवळ एक पत्र टपालात टाकून हवे असते. पुढे दोघांत एकमेकांच्या टोप्या उडविण्यावरून भांडण जुंपते. येणारेजाणारेही त्यात ओढले जातात आणि अखेर साऱ्या रस्त्यावर टोप्या उडविण्याची झुंज माजते. क्षुल्लक कारणावरून सुरू झालेला कलह पायरीपायरीने वाढवीत न्यावयाचा, ही या जोडीच्या विनोदाची पुढे रूढ झालेली पद्धत येथे ठळकपणे योजिलेली होती. जेम्स फिन्लेसन व अनिता गार्विन यांच्याही यात भूमिका होत्या.

ज्या जिन्यावर हे चित्रण झाले, तो लॉस अँजेल्सच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम मार्गालगत आजही आहे. याच जिन्यावर या जोडीने द म्यूझिक बॉक्स (१९३२) हा बोलपट केला. त्यात यंत्राच्या जागी पियानो आला. सर्वोत्कृष्ट विनोदी लघुपटासाठी प्रथमच दिले गेलेले अकादमी पारितोषिक त्याला मिळाले. येट्स यांनीही १९४५ मध्ये इट्स युअर मूव्ह या लघुपटात मूळ कल्पना पुन्हा वापरली. अशा प्रकारे मूळ कृती नष्ट झाली, तरी तिच्यातील कल्पना टिकून राहिली.

मूकपट मोठ्या संख्येने नाहीसे होण्याची कारणे तांत्रिक तशीच व्यापारी होती. त्या काळची व्यावसायिक फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती अतिशय ज्वालाग्राही असून कालांतराने तिचे रासायनिक विघटन होते. प्रथम ती चिकट बनते व शेवटी तिची भुकटी होते. बोलपट आल्यानंतर मूकपटांना बाजारमूल्य उरले नाही. अनेक प्रती टाकून देण्यात आल्या, तर काही त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी नष्ट करण्यात आल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळातील सु. ११,००० अमेरिकन पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के चित्रपट मूळ स्वरूपात व संपूर्ण शिल्लक आहेत. एकदा दाखवून झाल्यावर विसरले जाणाऱ्या लघुपटांच्या जतनाची निकड तर क्वचितच कोणास वाटली.

हॅट्स ऑफची माहिती आता मुख्यत्वे स्थिरचित्रे, जाहिरात-साहित्य व तत्कालीन परीक्षणे यांवरून मिळते. या जोडीच्या परिचित व्यक्तिरेखा या चित्रपटात प्रथमच स्पष्ट झाल्या, असे काही अभ्यासक मानतात. तथापि अशा अनुमानांना मर्यादा आहेत. डक सूप (१९२७) हा त्यांचा आधीचा मूकपट दीर्घकाळ हरवलेला होता व त्यात दोघे खऱ्या अर्थाने जोडीने वावरत नसावेत, असा समज होता. तो १९७४ मध्ये सापडल्यावर हा समज चुकीचा ठरला. दोघे त्यात प्रमुख भूमिकांत, जोडीनेच काम करीत असल्याचे दिसून आले. धसमुसळ्या विनोदाबाबत ही अडचण विशेष जाणवते. त्याचे मर्म प्रसंगात नसून कृतीच्या वेळेत, क्षणभराच्या थांबण्यात व मुद्रेतील बदलात असते. कथासारावरून किंवा स्थिरचित्रावरून त्याची प्रचीती येत नाही.

लघुपट सापडण्याची शक्यता मात्र संपलेली नाही. याच जोडीच्या द बॅटल ऑफ द सेंच्युरी (१९२७) या लघुपटाचे दुसरे रीळ बराच काळ केवळ तुटक अंशांतच ज्ञात होते; ते २०१५ मध्ये एका खाजगी संग्रहातून जवळजवळ संपूर्ण मिळाले. हॅट्स ऑफची प्रत हाती येईपर्यंत मात्र त्याचे इतिहासातील स्थान ऐकीव पुराव्यावरच आधारलेले राहील.