मागे घेता येणाऱ्या वातमुखाची रचना : एक विवेचन

विशेष बांधणीच्या मोटारीवरील उंचावलेले वातमुख, म्हणजे एअर स्कूप, बहुधा शोभेचे अंग समजले जाते. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने 2012 च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेल्या ‘अवंती’त मात्र इंजिन चालकाच्या मागे असल्याने बाजूची वातमुखे गरजेची होती. प्रस्तुत लेखात बॉनेटवरील, गरजेनुसार उघडणाऱ्या व मिटणाऱ्या वातमुखाचा विचार केला आहे.

वातमुखामुळे इंजिनात हवा ‘कोंबली’ जाते हा समज मोठा, परिणाम लहान. ताशी 100 कि.मी. वेगास वाऱ्याचा गतिज दाब सुमारे 425 पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम 0.4 टक्के भरतो. खरा लाभ तापमानाचा आहे. बॉनेटखालील 60 अंश सेल्सिअसच्या हवेऐवजी बाहेरची 40 अंशांची हवा मिळाल्यास तिची घनता सुमारे 6 टक्क्यांनी वाढते.

गतिज दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीच्या वाटेवर ताशी 10 कि.मी. वेगाने रांगणाऱ्या गाडीस तो शंभरावा हिस्साच मिळतो. तेथे काम विजेच्या पंख्याचेच. उलट मोकळ्या रस्त्यावर उघडे वातमुख वाऱ्याचा अवरोध वाढवते. म्हणून झडपेची उघडझाप वेग आणि शीतकाचे तापमान या दोहोंवर सोपवावी. बॉनेटलगतचा वारा मंद असल्याने मुखाची खालची कड पत्र्यापासून थोडी वर हवी. धूळ व पाऊस यांसाठी गाळणी आणि निचऱ्याची वाट आवश्यक आहे.

यंत्रणेत खरा पेच आहे तो बिघाडाचा. 0.08 चौरस मीटरच्या झडपेवर वरील वेगास कमाल 34 न्यूटनच्या आसपास बल येईल. लहान मोटर ते सहज पेलते. स्क्रूची यंत्रणा वीज न घेता स्थिती टिकवते हा तिचा गुण; परंतु वीज गेल्यावर झडप मिटलेलीच राहते आणि इंजिन तापते. त्यापेक्षा स्प्रिंगने उघडणारी व विद्युतचुंबकी खिट्टीने मिटून राहणारी झडप, थोडी वीज खर्चूनही, प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते. मात्र उघडलेल्या झडपेने चालकाची दृष्टी अडता कामा नये.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. तेव्हा पत्रा कापण्यापूर्वीच आराखडा प्रादेशिक परिवहन कार्यालयास दाखवावा.