चेन उतरते, माणूस अडतो

साध्या सायकलची चेन उतरली तर माणूस खाली उतरतो, मागचे चाक उचलतो, पेडल फिरवून चेन दातांवर चढवतो आणि काळे झालेले हात पुसून पुढे निघतो. हाताच्या पेडलने तीनचाकी चालवणाऱ्या दिव्यांगाला यातले काहीच करता येत नाही. भूम किंवा परंडा तालुक्यातल्या आडरस्त्यावर त्याची चेन उतरली, तर कोणी येईपर्यंत तो जागच्या जागी अडकून पडतो. म्हणून या गाडीच्या चेनची दुरुस्ती हा किरकोळ विषय नाही. गाडी हेच ज्याचे पाय आहेत, त्याच्या रोजच्या जगण्याचा तो प्रश्न आहे.

या तीनचाकीच्या नात्यातली, पाय लांब करून, पाठ टेकून चालवायची आडवी सायकल आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. इंग्रजीत तिला रिकंबंट म्हणतात. १९३३ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्सिस फोर याने अशाच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही सायकल शर्यतींतून बाद केली. आपली हाताची तीनचाकी ही त्याच घराण्यातली. तिचे मूळ तर आणखी जुने आहे. सतराव्या शतकात जर्मनीतल्या आल्टडॉर्फ गावच्या श्टेफान फार्फ्लर या पायांनी अधू असलेल्या घड्याळजीने स्वतःसाठी हाताने फिरवायची गाडी बनवली होती. दुचाकी सायकल जन्माला यायला तेव्हा दीडशे वर्षे बाकी होती.

आपल्याकडे या तीनचाक्या वाटण्याचे मोठे काम कानपूरची ‘अलिम्को’ ही केंद्र सरकारची कंपनी करते. ती १९७२ मध्ये स्थापन झाली. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरतात, तपासणी होते आणि गाडी घरी येते. त्यानंतर मात्र ती गावातल्या सायकल दुकानाच्या हवाली असते. दुकानदाराला सायकल पाठ असते, पण या गाडीची चाल थोडी वेगळी आहे. ती समजून घेतली तर बहुतेक बिघाड गावातच दुरुस्त होतात.

चेन ताणत नाही, झिजते

‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकांवर घासून झिजतात. एकेका सांध्यातली ती बारीक फट शंभराहून अधिक कड्यांत मिळून चेनची लांबी वाढवते. वाढलेली चेन दातांच्या खाचेत नीट बसत नाही, दाताच्या टोकाकडे सरकते आणि जोर लावला की घसरते.

हे मोजायला शाळेतली बारा इंची पट्टी पुरते. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि चोविसावी पिन कुठे येते ते पाहा. ती बरोबर बारा इंचांवर आली तर चेन ठणठणीत आहे. ती दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल तर चेन बदला. हा फरक तीन मिलिमीटरवर गेला असेल, तर झिजलेल्या चेनने दातही खाल्लेले असतात. अशा दातांवर नवी चेन चढवली तरी ती उड्या मारते. मग चेनबरोबर चाकावरचे दातचक्र, म्हणजे फ्रीव्हीलही बदलावे लागते. वेळेवर बदललेली चेन पुढचा मोठा खर्च वाचवते, तो असा.

चेन विकत घेताना रुंदी सांगा. एकाच दातचक्राच्या सायकलची चेन आतून १/८ इंच रुंद असते आणि गिअरच्या सायकलची ३/३२ इंच. अरुंद चेन जाड दातांवर बसतच नाही.

उतरण्याची कारणे

चेन वारंवार उतरत असेल तर आधी ढिलाई पाहा. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण अर्धा इंच वरखाली व्हावी. त्याहून जास्त झोल असेल तर चाकाचे नट सैल करून चाक पेडलपासून दूर ओढा आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवून पुन्हा आवळा. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली की चाक तिरपे होते, आणि तिरप्या चाकावर घट्ट चेनही टिकत नाही. चेन फार आवळूही नका. बेअरिंगवर ताण येतो आणि हाताला गाडी जड लागते.

नंतर गाडीच्या मागे उभे राहून एका डोळ्याने चेन पाहा. हाताकडचे दातचक्र आणि चाकाकडचे फ्रीव्हील एका सरळ रेषेत दिसले पाहिजेत. काही तीनचाक्यांत हाताचे पेडल पुढचे चाक फिरवते, काहींत चेन बैठकीखालून मागच्या चाकापर्यंत जाते. मागे जाणारी चेन लांब असते, म्हणून खड्ड्यात ती जास्त हेलकावते. रेषेतला थोडासा फरकही तिला उतरायला पुरतो. वाकलेला एखादा दातही चेन उतरवतो. तो पकडीने सरळ करता येतो.

चेनच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘खट्’ होत असेल तर एखादी कडी आखडलेली असते. पेडल हळूहळू उलटे फिरवा. ती कडी फ्रीव्हीलवरून सुटताना सरळ न होता वाकलेलीच राहते. तेलाचा थेंब सोडून तिला दोन्ही हातांनी बाजूला हलके हलवा, ती मोकळी होते. खटका पेडलच्या फेऱ्यालाच येत असेल तर चेनला दोष देऊ नका. क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, कॉटर पिन सैल झालेली असते.

चेन जोडकडीने जोडली असेल तर तिच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटी बसवलेली क्लिप कशात तरी अडकून उडते आणि चेन रस्त्यात सुटते.

पेडल फिरते, गाडी हलत नाही

चढावर पेडल मोकळे फिरते आणि चाक जागेवर राहते, तेव्हा दोष बहुधा फ्रीव्हीलमध्ये असतो. त्याच्या आत छोट्या खिट्ट्या आणि केसाएवढ्या बारीक स्प्रिंग असतात. जुने तेल आणि धूळ मिळून आत डांबरासारखा थर बसतो. खिट्टी चिकटून राहते आणि दात धरत नाही. गाडी आडवी करा, फ्रीव्हीलच्या फटीत रॉकेल किंवा डिझेल सोडा आणि ते फिरवत राहा. आधी काळे पाणी गळते, मग स्वच्छ, आणि मंद झालेली कट्कट् पुन्हा खणखणीत ऐकू येते. ते वाळू द्या आणि पातळ तेलाचे चार थेंब सोडा. ग्रीस भरू नका. त्याने खिट्ट्या पुन्हा चिकटतात.

तेलाची खरी चूक आपल्याकडे चेनवर होते. उन्हाळ्यात इथली माती पिठासारखी उडते आणि पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल चाकाला धरून बसतो. गॅरेजमधले जळके ऑइल चेनवर ओतले की धूळ त्यावर लेपासारखी बसते आणि पिना घासून काढते. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, फडक्याने पुसा. मग प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा, पेडल फिरवा आणि वरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेल आत पिनेपाशी हवे. बाहेरून चेन कोरडीच दिसली पाहिजे.

दात मोजूनच बदला

हातात पायांएवढा जोर नसतो. बालाघाटाचा चढ लागला की दातांचे गणित लगेच जाणवते. हाताकडच्या चक्राला ३२ दात आणि चाकाकडे १६ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे होतात. चाकाकडे २० दात लावले तर चाकाचे १.६ फेरे होतात. गाडी सावकाश जाते, पण चढ हलका लागतो. म्हणून फ्रीव्हील बदलताना जुन्याचे दात मोजा. दुकानात हाताला लागले ते कमी दातांचे फ्रीव्हील बसवले, तर कालपर्यंत चढणारी गाडी चढावर अडते.

ज्या तीनचाकीला किंवा आडव्या सायकलला गिअर आहेत, तिथे आधी वायर पाहा. लांब वायर आवरणात घासते, गंजते, आणि गिअर एक टप्पा मागे राहतो. चेन मोठ्या चक्रावर चढत नसेल तर वायर सैल आहे. जुळवणीचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढत पाहा. लहान चक्रावर उतरत नसेल तर तो आत घ्या. वायर ताठ करूनही गिअर जुळत नसेल तर डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, टांगता भाग वाकलेला असतो. आडव्या सायकलची चेन साधीच्या दोन-अडीच पट लांब असते. मध्ये दिशा देणाऱ्या चकत्या आणि नळ्या असतात. चेनची घरघर वाढली की आधी त्या चकत्यांचे दात आणि नळ्यांची तोंडे तपासा. लांब चेनची एक चांगली बाजूही आहे. तेवढ्याच अंतरात तिची प्रत्येक कडी दातांवरून कमी वेळा जाते, म्हणून ती सावकाश झिजते.

एवढे तरी करू या

चेन फिरत असताना दातांजवळ बोट नेऊ नका. काम सुरू करण्याआधी चाकांना दगडाचा अटकाव लावा. चेनचे कव्हर काढून ठेवू नका, कारण हाताच्या पेडलची चेन अंगाजवळ फिरते आणि साडीचा पदर किंवा ओढणी क्षणात ओढली जाते.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा नियम आहे. त्यातला छोटा वाटा दुरुस्तीसाठी ठेवता येईल. चेन तोडायचे हत्यार, दोन-तीन जोडकड्या, एक सुटी चेन, एक फ्रीव्हील, चाकाच्या नटाचा पाना आणि तेलाची बाटली एवढा संच ग्रामपंचायतीत ठेवायला फार खर्च लागत नाही. कळंबपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक बाजाराच्या गावात एखाद्या सायकल दुकानदाराला ही गाडी शिकवली, आणि पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर गावातल्या तीनचाक्यांची तपासणी ठरवून केली, तर बिघाड रस्त्यात गाठायच्या आधीच सापडेल. गाडी देणे हे अर्धे काम आहे. ती चालती ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि ते गावालाच करावे लागेल.