वरच्या जबड्यात हाड भरतात ते कशासाठी?

आपल्या समाजबांधवांत पन्नाशीच्या आतच वरच्या दाढा गमावलेले अनेकजण आहेत. भाकरी वरणात कुस्करून खाण्याची त्यांना सवय झाली आहे. असा माणूस पक्के दात बसवायला जातो, तेव्हा 'आधी हाड भरावे लागेल' असे ऐकून घाबरून परत येतो. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशावरील प्रयोगात आढळले. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसविले. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसविलेला स्क्रू. पण हाडच नसेल तर तो धरणार कशात? दाढ गेली की तिच्याखालचे हाड झिजू लागते. वरच्या जबड्यात अडचण दुहेरी असते. तेथील हाड मुळातच भुसभुशीत असते आणि त्याच्यावर गालाच्या आत सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर ही पोकळीही खाली पसरते. मग काही ठिकाणी चार-पाच मिलिमीटरसुद्धा हाड उरत नाही.

अशा वेळी जागा बधिर करून, हिरडी उघडून हाडाला बाजूने लहान खिडकी पाडतात. पोकळीचे पातळ अस्तर न फाटता हळूच वर उचलतात आणि खालच्या जागेत हाडाचा चुरा भरतात. हा चुरा रुग्णाच्याच हनुवटीचा किंवा खालच्या जबड्याचा असतो, नाहीतर प्रक्रिया केलेला जनावराच्या हाडाचा अथवा कृत्रिम असतो. कोणता वापरणार, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. भरलेला चुरा हा नुसता सांगाडा. त्यात शरीर स्वतःचे हाड तयार करते. त्याला साधारण सहा महिने लागतात. थोडेफार हाड शिल्लक असेल तर स्क्रू त्याच वेळी बसविता येतो.

नवे हाड रक्तपुरवठ्यावर वाढते आणि तंबाखू नेमका तोच कमी करते. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पानठेल्यावर खर्रा मात्र घोटला जातोच. पाचवे शील आपण रोज म्हणतो, पण खर्रा त्यात धरत नाही! खर्ऱ्यातील सुपारीने तोंड उघडेनासे झाले, तर आत अवजारही जात नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम चिघळते.

नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी येथेही दंत महाविद्यालय आहे. तेथे स्कॅन काढून हाड किती मिलिमीटर उरले आहे, हे आधी विचारावे. खर्च झेपत नसल्यास नीट बसणारी कवळीही चालते. विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना तपासणीला स्वतः सोबत न्यावे.