दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण सोडताच पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. हवा स्वच्छ असली म्हणजे या परिसरातून दक्षिणेकडे मलंगगड दृष्टीस पडतो. आषाढात मात्र तोच गड धुक्यात दडून जातो आणि डोंगरावर असलेल्या माणसाला आपल्या चार पावलांपुढचे दिसेनासे होते. अशा वेळी वाट चुकू नये म्हणून काही गिर्यारोहक जीपीएसचे एक मूठभर यंत्र हाती बाळगतात. मोबाईलमध्येही ही सोय असते; पण ओल्या बोटांना मोबाईलचा पडदा दाद देत नाही, आणि या यंत्रातील सेल संपले तर खिशातून दुसरे काढून घालता येतात.

समजा, विठ्ठलवाडीच्या एखाद्या गिर्यारोहकाचे असे जुने यंत्र ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बिघडले. नव्यासाठी हजारो रुपये मोजावयाचे, की जुनेच नीट करून घ्यावयाचे? हा प्रश्न केवळ पैशाचा वाटतो. पण ज्या यंत्राच्या भरवशावर चार माणसे कड्याच्या काठाने चालणार, त्याच्याविषयीचा निर्णय नुसत्या जमाखर्चाने करून चालत नाही. बिघाड नेमका कोठे आहे, हे प्रथम समजले पाहिजे.

त्यासाठी यंत्राचे कार्य थोडे जाणून घ्यावे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्या आण्विक घड्याळातील वेळ सतत कळवीत असतात. तो संदेश पोचण्यास किती वेळ लागला, यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संदेशाच्या वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते! यंत्रातील स्वस्त घड्याळ एवढे अचूक नसते. म्हणून स्थान ठरविण्यास तीन नव्हे, चार उपग्रह लागतात. चौथ्याच्या साहाय्याने घड्याळाची चूक सुधारली जाते.

आता गंमत अशी की, बिघडले म्हणून टाकून दिलेली काही यंत्रे मुळी बिघडलेलीच नसतात. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या यंत्राला कोणता उपग्रह कोठे आहे याचा विसर पडलेला असतो. ही सर्व माहिती उपग्रहाकडून पुन्हा मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. तोवर त्याला मोकळ्या आकाशाखाली शांतपणे ठेवावे लागते. अधीर मनुष्य मात्र घरात बसून पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळा होतो. दुसरा प्रकार तारखेचा. जीपीएसच्या मूळ पद्धतीत आठवडे ० पासून १०२३ पर्यंतच मोजले जातात आणि मग पुन्हा शून्यापासून आरंभ होतो. मोजणी ६ जानेवारी १९८० रोजी सुरू झाली. ती ऑगस्ट १९९९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१९ मध्ये शून्यावर आली. त्यामुळे काही जुनी यंत्रे तारीख साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागची दाखवू लागली. त्यांनी दाखविलेले स्थान मात्र बहुधा बरोबरच असते. उत्पादकाने सुधारित आज्ञावली दिली असेल तर ती भरावी. नसेल तर भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे.

खऱ्या बिघाडांतही पुष्कळसे किरकोळ असतात. आत राहून गेलेले अल्कलाईन सेल पाझरतात आणि धातूच्या पट्ट्यांवर पांढरी पूड साचते. सेल काढून टाकावेत, व्हिनेगरचा किंचित ओला बोळा पट्ट्यांवरून फिरवावा, त्या पुसून पूर्ण वाळवाव्यात. एवढ्याने कित्येक यंत्रे पुन्हा जिवंत होतात. सुटलेली तार किंवा सैल झालेले बटण यांसाठी कुशल कारागीर हवा. विठ्ठलवाडीकराला त्यासाठी दूर जावे लागत नाही. शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्कराच्या जुन्या छावणीत वसविले. छोट्या कारखान्यांसाठी आणि दुकानांसाठी ते प्रसिद्ध आहे.

पाणी आत शिरून मुख्य पट्टीवरचे सूक्ष्म भाग गंजले असतील, तर मात्र गोष्ट निराळी. असे यंत्र दुरुस्तीनंतर चालते, पण केव्हा थांबेल याचा नेम नसतो. शिवाय एकदा उघडलेल्या कवचाची रबरी कड नीट बसली नाही, तर पहिल्याच सरीत पाणी पुन्हा आत जाते. अशा यंत्राचा मोह सोडावा. ‘नाविक’ या भारतीय उपग्रहमालेचे संदेश जुन्या यंत्राला घेता येत नसतील, तर तेही दुरुस्तीने साधत नाही.

खुद्द ‘नाविक’च्या बाबतीत हाच प्रश्न आला होता. २०१३ साली सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडली. तेथे कारागीर पाठविता येत नाही! बदली उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडला. पण प्रक्षेपकाचे उष्णतारोधक आवरण उघडले नाही आणि तो आतच अडकून राहिला. अखेर १२ एप्रिल २०१८ रोजी दुसरा उपग्रह यशस्वीपणे सोडण्यात आला. आपल्या हातातील यंत्र उघडून पाहता येते, ही सवलत शास्त्रज्ञांना नव्हती.

दुरुस्त होऊन आलेले यंत्र लगेच गडावर नेऊ नये. विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर मोकळ्या जागी उभे राहून ते नकाशाशी ताडून पाहावे. नंतर ओळखीच्या रस्त्याने तासभर चालावे व त्याच रस्त्याने परतावे. जातानाची आणि येतानाची रेघ जवळजवळ एकच उमटली पाहिजे. दोन-तीन दिवस हे करून पाहावे, त्यांतला एक दिवस पावसाचा असावा. बंद पडलेले यंत्र निदान आपण बंद आहोत हे सांगते. चालू राहून चुकीची जागा दाखविणारे यंत्र अधिक घातक असते. या परीक्षेत ते एकदाही चुकले, तर त्यातील सेल काढून ते ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे आणि नव्याची चौकशी करावी. उत्तीर्ण झाले तर खुशाल बरोबर न्यावे. मात्र पिशवीत कागदी नकाशा आणि होकायंत्र असू द्यावे.